रुळाच्या पोटातली भेग कशी सापडते? आणि सापडल्यावर पुढे काय होतं?

‘रुळाला तडा गेल्याने वाहतूक विस्कळीत.’ थंडीच्या दिवसांत मुंबई आणि आसपासच्या प्रवाशांच्या मोबाइलवर ही ओळ अधूनमधून येतेच. मग फलाटावर गर्दी साठते, मीम फिरू लागतात, आणि तासा-दीड तासाने ‘वाहतूक पूर्ववत’ असा दुसरा मेसेज येतो. पण मधल्या वेळात नेमकं काय झालं? लोखंडाचा एवढा जाडजूड रूळ तुटतो कसा? आणि तो तुटण्याआधीच कळत का नाही?

खरं तर बऱ्याचदा कळतं. दोष तुटण्याआधी सापडला तर त्याची बातमी होत नाही, एवढंच.

जिथे रूळच नाही, तिथल्या माणसाचा काय संबंध?

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतून रेल्वे जात नाही. डहाणू-नाशिक रेल्वेमार्गाची मागणी जुनी आहे, पण अजून इथल्या डोंगरांत गाडीची शिट्टी वाजलेली नाही. तरीही इथल्या हजारो माणसांचा रोजगार रुळावर चालतो.

पावसाळ्यात भाताची आणि नागली-वरईची शेती होते. दिवाळी झाली की गावं रिकामी होऊ लागतात. वीटभट्ट्या, बांधकामं आणि नाक्यावरची मजुरी यासाठी माणसं वसई, विरार, भिवंडी, ठाणे, कल्याणकडे निघतात. जव्हारहून पश्चिमेला उतरलं की डहाणू रोड आणि पालघर ही पश्चिम रेल्वेची स्टेशनं लागतात. मोखाड्याहून खोडाळा-विहीगावच्या रस्त्याने गेलं की मध्य रेल्वेचं कसारा. नाशिकच्या बाजूला इगतपुरी.

म्हणजे या दोन तालुक्यांच्या एका अंगाला विरार-डहाणू मार्ग आहे आणि दुसऱ्या अंगाला कसारा-इगतपुरीचा घाट. दोन्ही मार्गांवर गाड्यांची गर्दी मोठी आहे. विरार-डहाणू पट्ट्यात लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या वर्षानुवर्षं दोनच मार्गांवरून धावत आल्या आहेत. तिथे चौपदरीकरणाचं काम हाती घेतलेलं आहे. कसारा घाटात मुंबईहून उत्तर आणि पूर्व भारताकडे जाणारी वाहतूक एकवटते.

महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्याला लोकल तासभर रखडली तर ‘लेट मार्क’ लागतो. नाक्यावर उभं राहून काम मिळवणाऱ्याचा अख्खा दिवस जातो. कारण सकाळी ठेकेदार माणसं घेऊन गेला की नाका रिकामा होतो. रुळाच्या तब्येतीचा हिशेब या माणसाच्या खिशापर्यंत येतो, तो असा.

तडा बाहेरून का दिसत नाही?

रूळ आडवा कापून पाहिला तर त्याचे तीन भाग दिसतात. वर चाक जिथे टेकतं तो माथा, मधली उभी पट्टी आणि खाली स्लीपरवर बसणारा पसरट पाया. मुख्य मार्गांवर आता बहुतेक ठिकाणी मीटरला ६० किलो वजनाचा रूळ असतो. त्याची उंची १७२ मिलिमीटर, म्हणजे साधारण वीतभर.

चाक आणि रूळ यांचा एकमेकांना स्पर्श होतो तो जेमतेम एखाद्या नाण्याएवढ्या जागेवर. भरलेल्या मालगाडीच्या एका चाकाचा सुमारे दहा टन भार त्या जागेवर येतो आणि पुढे सरकतो. मागून दुसरं चाक येतं, मग तिसरं. दिवसाला अशी हजारो चाकं. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की ती अचानक तुटते, तसंच इथे होतं. फक्त त्याला काही वर्षं लागतात. धातूच्या या थकव्याला इंग्रजीत ‘फटीग’ म्हणतात.

सुरुवात बहुतेकदा आतून होते. पोलाद ओतताना आत राहिलेला मळीचा बारीक कण, अडकलेला हायड्रोजन किंवा वेल्डिंगमध्ये राहिलेली पोकळी, अशा एखाद्या बिंदूपासून भेग वाढू लागते. माथ्याच्या आत आडवी पसरणारी भेग मूत्रपिंडाच्या आकाराची दिसते, म्हणून रेल्वेच्या बोलीत तिला ‘किडनी’ म्हणतात. वरून रूळ चकचकीत असतो, आणि आत निम्मा माथा कापला गेलेला असू शकतो.

हा धोका जगाला फार पूर्वी कळला. ऑगस्ट १९११ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावाजवळ एक प्रवासी गाडी घसरली आणि २९ माणसं मेली. तुटलेल्या रुळाच्या आत बाहेरून न दिसणारी आडवी भेग होती. त्यानंतर रुळाच्या आत पाहण्याच्या यंत्रांचा शोध सुरू झाला. १९२८ मध्ये एल्मर स्पेरी यांनी रुळातून वीजप्रवाह सोडून दोष शोधणारी गाडी बनवली. ध्वनिलहरींचं तंत्र त्यानंतर आलं.

रुळाची सोनोग्राफी

भारतीय रेल्वेत या तपासणीला ‘यूएसएफडी’ म्हणतात. अल्ट्रासॉनिक लहरींनी दोष शोधणं, असा त्याचा सरळ अर्थ. गरोदर बाईची सोनोग्राफी ज्या तत्त्वावर चालते, तेच तत्त्व इथे आहे.

माणसाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. रूळ तपासायला २० ते ४० लाख कंपनांच्या लहरी वापरतात. यंत्रातल्या प्रोबमध्ये एक स्फटिक असतो. त्याला विजेचा झटका दिला की तो थरथरतो आणि लहर रुळात शिरते. पोलादात ही लहर सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने धावते. वीतभर रुळाच्या तळाशी जाऊन परत यायला तिला सेकंदाचा दहा हजारावा हिस्साही पुरेसा होतो.

रूळ आतून धड असेल तर लहर तळाला आपटून ठरलेल्या वेळी परत येते. वाटेत भेग असेल तर ती लवकर परततं, किंवा तळाचा प्रतिध्वनी हरवतो. यंत्राच्या पडद्यावर नको तिथे उसळी दिसली की तपासणारा थांबतो.

मात्र एक प्रोब पुरत नाही. सरळ खाली जाणाऱ्या लहरीला आडवी पसरलेली भेग दिसते, पण उभी भेग तिला टाळून जाते. कागदाकडे कडेवरून पाहिलं तर तो दिसत नाही, तसं. म्हणून ७० अंशांत तिरक्या जाणाऱ्या लहरी पुढे आणि मागे सोडतात. माथ्यातली ‘किडनी’ त्यात सापडते. बोल्टच्या भोकाभोवतीच्या भेगांसाठी आणखी वेगळा कोन लागतो.

प्रत्यक्षात हे काम कसं दिसतं? रुळावर एक छोटी हातगाडी असते. तिच्यात प्रोब, बॅटरी, पडदा आणि पाण्याची टाकी. प्रोब आणि रूळ यांच्यामध्ये हवा राहिली तर लहर आत शिरतच नाही, म्हणून सतत पाणी सोडावं लागतं. सोनोग्राफीच्या वेळी पोटाला जेल लावतात, त्याचं कारणही हेच. दोन-तीन माणसं ही गाडी ढकलत चालतात. एकाची नजर पडद्यावर आणि बाकीच्यांची येणाऱ्या गाडीवर. गाडी आली की यंत्र उचलून बाजूला. वेल्डचे सांधे याशिवाय हाताने, वेगवेगळे प्रोब लावून तपासले जातात.

कुठला मार्ग किती दिवसांनी तपासायचा, हे त्यावरून वर्षाला किती टन वजन जातं त्यावर ठरतं. सर्वांत वर्दळीच्या मार्गांवर महिना-दोन महिन्यांनी, तर कमी वाहतुकीच्या मार्गांवर वर्षाने किंवा त्याहूनही जास्त काळाने पाळी येते. नियम लखनऊची ‘आरडीएसओ’ ही रेल्वेची संशोधन संस्था ठरवते.

दोष सापडला, मग?

सापडलेल्या प्रत्येक दोषासाठी लगेच गाडी थांबवत नाहीत. दोषांची वर्गवारी होते. काही दोष ‘निरीक्षणाखाली’ ठेवायचे असतात. तिथे रुळाला दोन्ही बाजूंनी आधाराच्या पट्ट्या लावून क्लॅम्प आवळतात आणि पुढच्या तपासणीत भेग वाढली का ते पाहतात. काही दोष ‘तात्काळ काढा’ या वर्गात येतात. तिथे लगेच ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा लागते आणि तीन दिवसांत तो तुकडा बदलावा लागतो. जागा लाल रंगाने खुणावलेली असते.

तुमची गाडी मोकळ्या जागी विनाकारण रांगत असेल, तर त्याचं एक कारण हेही असू शकतं. रूळ पूर्ण तुटल्यावर तासाभरात ‘वाहतूक पूर्ववत’ होते, तीही याच पट्ट्यांमुळे. आधी तात्पुरता आधार देऊन गाड्या सावकाश सोडतात आणि रूळ नंतर बदलतात.

घाटात आणि किनाऱ्यावर यंत्र कुठे कमी पडतं?

कसारा-इगतपुरी घाट १८६५ पासून वापरात आहे. इथे चढ ३७ मीटरला एक मीटर इतका खडा आहे. चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. चढताना इंजिनाचं चाक जागच्या जागी घसरलं तर रुळाचा माथा भाजल्यासारखा होतो. उतरताना ब्रेकमुळे आणि वळणांवर घासून तो झिजतो. अशा खरबडीत पृष्ठभागातून लहर नीट आत शिरत नाही. वरच्या थरातल्या बारीक भेगा तिला अडवतात आणि खालची मोठी भेग सावलीत राहू शकते.

पश्चिमेला वेगळी अडचण आहे. वसई आणि वैतरणेच्या खाड्या, खारा वारा आणि दमट हवा यांमुळे रूळ गंजतो, आणि गंज आधी धरतो पायाला. हातगाडीचा प्रोब माथ्यावरून चालतो. त्याची लहर माथ्यातून उभ्या पट्टीत आणि तिच्या सरळ खाली पायात जाते. पायाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या कडा तिच्या वाटेत येतच नाहीत. तिथे सुरू झालेली भेग या यंत्राला दिसत नाही.

म्हणूनच यंत्रं आली तरी कीमनची पायपीट थांबलेली नाही. आपल्या वाट्याचे काही किलोमीटर तो रोज चालतो. चाव्या ठोकतो, सैल बोल्ट आवळतो, रुळाच्या पायाकडे पाहतो. पावसाळ्यात आणि थंडीत रात्रीची गस्त वेगळी असते.

गाडी घसरण्याचं प्रत्येक कारण रुळाच्या पोटात असतं, असंही नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला आसनगाव आणि वाशिंदच्या दरम्यान नागपूर-मुंबई दुरंतो घसरली. ती मुसळधार पावसात रुळावर दरड-माती आल्यामुळे. तिथे जगातलं सर्वोत्तम अल्ट्रासॉनिक यंत्रही उपयोगाचं नव्हतं.

थंडीतच जास्त तडे का जातात?

पूर्वी रुळांच्या तुकड्यांमध्ये फट असे आणि त्यातून गाडीचा तो ‘खडखड’ ताल यायचा. आता रूळ एकमेकांना वेल्ड करून सलग केलेले असतात. प्रवास गुळगुळीत झाला, पण थंडीत आकसायला रुळाला जागा उरली नाही.

तापमान एका अंशाने उतरलं की ६० किलोच्या रुळात सुमारे पावणेदोन ते दोन टनांचा ताण वाढतो. रूळ बसवतानाच्या तापमानापेक्षा पहाटे तो २५ अंशांनी थंड झाला, तर हा ताण ४५ टनांच्या घरात जातो. आत भेग नसेल तर रूळ तो सहज सोसतो. भेग असेल, तर पहाटेच्या पहिल्या गाड्यांखाली ती उघडते.

काही वेळा रूळ पूर्ण तुटला की रुळातून वाहणारा सिग्नलचा प्रवाह खंडित होतो आणि सिग्नल आपोआप लाल होतो. पण सगळ्या मार्गांवर ही सोय नाही. गाडीची चाकं मोजून चालणाऱ्या नव्या सिग्नल यंत्रणेला तुटलेला रूळ कळत नाही. अर्धवट भेग तर दोन्हींना कळत नाही.

आकडे काय सांगतात?

रेल्वेने दिलेल्या माहितीनुसार २०१३-१४ मध्ये देशभरात रूळ तुटण्याच्या अडीच हजारांहून जास्त घटना घडल्या होत्या. २०२४-२५ मध्ये त्या तीनशेच्या आत आल्या. वेल्ड तुटण्याच्या घटनाही अशाच घटल्या. चांगल्या पोलादाचे नवे रूळ, लांब तुकडे आल्यामुळे कमी झालेले सांधे आणि वाढलेली अल्ट्रासॉनिक तपासणी, ही त्याची कारणं रेल्वे देते. ही सुधारणा खरी आहे आणि मोठी आहे.

दुसरी बाजू ‘कॅग’ने मांडली. २०२२ च्या अहवालात कॅगने २०१७-१८ ते २०२०-२१ या काळातले गाड्या घसरण्याचे १,१२९ चौकशी अहवाल तपासले. त्यातल्या ४२२ घटनांचं मूळ अभियांत्रिकी विभागाकडे निघालं. त्यात सर्वांत मोठं कारण होतं रुळांची देखभाल, १७१ घटनांत. रुळांची पातळी आणि अंतर मोजणाऱ्या खास गाड्यांच्या तपासणीत ३० ते १०० टक्के तूट असल्याचंही कॅगने नोंदवलं. या गाड्या भेगा शोधत नाहीत, त्यांचं काम वेगळं आहे. पण मुद्दा तोच राहतो. यंत्र असणं आणि ते वेळेवर चालवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हॅटफिल्डचा धडा

दोष सापडूनही माणसं कशी मरतात, हे १७ ऑक्टोबर २००० ला इंग्लंडमध्ये दिसलं. लंडनहून लीड्सला निघालेली गाडी हॅटफिल्डजवळ ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जात असताना तिच्याखालचा रूळ फुटला. त्याचे ३०० हून अधिक तुकडे झाले. चार प्रवासी मेले.

त्या रुळाला भेगा आहेत, हे अपघाताआधी माहीत होतं. बदलायचे नवे रूळ आणून ठेवलेले होते. ते बसवले गेले नव्हते. वेगमर्यादाही लावली गेली नव्हती. अपघातानंतर मात्र ब्रिटनभर हजाराहून जास्त ठिकाणी वेगमर्यादा लागल्या आणि तिथली रेल्वे कित्येक महिने अडखळत चालली. जे काम एका रात्रीत झालं असतं, त्याची किंमत सगळ्या देशाने मोजली.

कळीची गोष्ट: ब्लॉक

रूळ बदलायला गाड्या थांबवाव्या लागतात. त्यालाच ‘ब्लॉक’ म्हणतात. विरार-डहाणू किंवा कसारा घाटासारख्या भरगच्च मार्गावर दोन गाड्यांमध्ये काम करायला वेळ मिळत नाही. ब्लॉक दिला की गाड्या रद्द होतात आणि लोक वैतागतात. नाही दिला तर लाल खूण केलेला रूळ वाट पाहत राहतो आणि त्यावरून चाकं जात राहतात. नव्या गाड्या सुरू करण्याची मागणी प्रत्येक जण करतो. देखभालीला जास्त वेळ द्या, ही मागणी क्वचितच ऐकू येते.

पण ब्लॉकचा भारही सगळ्यांवर सारखा पडत नाही. मुंबईत एक लोकल रद्द झाली तर दहा मिनिटांत दुसरी मिळते. डहाणू किंवा कसाऱ्याच्या टोकाला एक लोकल हुकली की पुढचीसाठी बराच वेळ थांबावं लागतं, आणि जव्हार-मोखाड्याकडे जाणारी शेवटची एसटी तोवर सुटून जाते. त्यामुळे ब्लॉक हवा, आणि त्याची माहिती टोकाच्या गावापर्यंत आधी पोचायला हवी. ती फक्त समाजमाध्यमांवर टाकून भागत नाही. ज्याच्या गावात मोबाइलला रेंज नाही, त्याला ती स्टेशनवर आल्यावरच कळते.

तुम्हाला काय करता येईल?

फाटकाजवळ किंवा फलाटावरून रुळात फट, तुटलेला सांधा किंवा रुळाखालची खडी वाहून गेलेली दिसली, तर आधी फोटो काढून टाकू नका. जवळच्या गेटमनला, स्टेशन मास्तरला किंवा रेल्वे पोलिसांना सांगा. १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक आहे. जागा सांगताना शेजारच्या विजेच्या खांबावरचा नंबर सांगा. त्यावरून नेमकं ठिकाण लगेच कळतं. पाहायला म्हणून रुळावर उतरू नका.

आणि पुढच्या वेळी ‘रुळाला तडा’ असा मेसेज आला तर तीन प्रश्न विचारा. या रुळाची शेवटची तपासणी कधी झाली होती? तेव्हा दोष सापडला होता का? सापडला असेल, तर रूळ बदलायला ब्लॉक कधी मिळाला? पहाटे कसाऱ्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या मजुराचा दिवस या तीन उत्तरांवर ठरतो.